बदलीची दुर्री

मी चौकटची दुर्री. पत्त्यांच्या डावात मला कोणी मागत नाही. हातात आले की माणसं मला एका कडेला सरकवतात आणि पहिल्या संधीला टाकून मोकळी होतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. कॅटमध्ये बाकीचे एकावन्न जण अंगाला अंग लावून असायचे, तेवढं पुरे होतं. एकटं पडणं काय असतं ते मला पुढे कळलं.

आमचा कॅट चांगदेवांनी घेतला, कल्याण स्टेशनाबाहेरच्या एका टपरीवरून. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात ते कामाला होते. त्यांची बोटं कधी निळी असायची, कधी हळदीसारखी पिवळी. कितीही घासली तरी नखांच्या कडेला रंग राहायचाच. तरुणपणी ते एका जादूगाराच्या तंबूत खुर्च्या मांडायला जायचे. तिथे पैसे कमी आणि उशिरा मिळायचे, पण त्या जादूगाराने त्यांना एक गोष्ट मन लावून शिकवली. ती म्हणजे पत्त्याची बदली.

बदली दिसायला सोपी आहे. डाव्या हातात कॅट, उजव्या हातात एक पत्ता. बोलता बोलता दोन्ही हात क्षणभर जवळ येतात आणि पुन्हा लांब होतात. तेवढ्यात उजव्या हातातला पत्ता कॅटवर गेलेला असतो आणि कॅटवरचा उजव्या हातात आलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, पत्ता तोच आहे. चांगदेव आधी मला दाखवायचे. "ही बघा दुर्री. हिला घरात कोण विचारतं?" असं म्हणून पत्ता समोरच्याच्या तळव्यावर पालथा ठेवायचे. त्याने उलटवलं की इस्पिकचा एक्का. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. मी तोवर चांगदेवांच्या डाव्या अंगठ्याखाली, तोंड खाली करून. टाळ्या मी नेहमी पालथी पडूनच ऐकल्या.

आपल्या दोन्ही मुलांना त्यांनी बदली शिकवली. रवींद्र थोरला, मृणाल धाकटी. मृणालची बोटं लांब आणि चपळ होती, तिला चार दिवसांत जमलं. रवींद्र मात्र दर वेळी पकडला जायचा, कारण ऐन वेळी तो स्वतःच्या हाताकडे बघायचा. चांगदेव त्याला सांगायचे, "तू हाताकडे बघितलंस की समोरचापण हाताकडेच बघणार. त्याच्या तोंडाकडे बघ. काहीतरी विचार त्याला. आणि जे विचारशील त्याचं उत्तर खरंच ऐकायचं असल्यासारखं विचार."

दुसरी गोष्ट त्यांनी दटावून सांगितली होती. बदली गंमत करायला आहे, डावात करायची नाही.

घरात एकच माणूस या बदलीला कधी फसलं नाही. चांगदेवांची बायको शकू. कोपऱ्यात भाजी निवडत बसलेली असायची. चांगदेवांनी काहीही विचारलं तरी ती त्यांच्या तोंडाकडे बघायची नाही, हातांकडेच बघत राहायची आणि गालात हसायची. चांगदेव म्हणायचे, हिच्यापुढे माझं काही चालत नाही.

चांगदेव गेले तेव्हा हे कुटुंब कल्याण पूर्वेची चाळ सोडून डोंबिवलीला मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलेलं होतं. कॅट शोकेसमध्ये राहिला. रवींद्र ठाण्याला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा. मृणालचं रसायनशास्त्राचं शिक्षण पुरं झालं होतं. एके सकाळी शकू चहा गाळता गाळता ओट्याशीच कोसळली. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वाचेतला एक शब्द तेवढा राहिला: "बस." तहान लागली तरी बस, दुखलं तरी बस, कोणी भेटायला आलं तरी बस. त्या एका शब्दाचे सगळे अर्थ लावायला पोरं शिकली.

त्याच पावसाळ्यात दोघांनाही बोलावणी आली. मृणालला बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाची जागा मिळाली आणि रवींद्रला मस्कतला एका मोठ्या बांधकामावर. त्याच्या ऑफिसातली शुभदाही मस्कतला जाणार होती. दोघांचं लग्नाचं बोलणं झालेलं नव्हतं, पण ठरल्यासारखंच होतं. आईसाठी मात्र घरात कोणीतरी हवं होतं. नर्स ठेवून बघितली, शकू तिच्या हातून घासभरही खाईना.

आठवडाभर दोघं एकमेकांशी फार जपून बोलत होती. तू जा म्हणणं दोघांना सोपं होतं, पण ऐकणाऱ्याला ते घेणं जड जात होतं. शेवटी एका दुपारी मृणालच म्हणाली की पत्ता काढूया. ज्याचा लहान येईल त्याने थांबायचं, आणि त्यावर पुन्हा कोणी वाद घालायचा नाही.

शकूच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर आम्ही आलो. रवींद्रने कॅट पिसला. पिसताना त्याने मला हळूच वर आणून ठेवलं. मला वाटलं, सहज आले असेन. त्याने पत्ते हातात पसरून धरले. मृणालने एक ओढला, बदामची सत्ती. तिने ती स्टुलावर ठेवली. तिचा चेहरा पडला नाही, पण तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. मग रवींद्रने मधूनच एक पत्ता ओढला आणि आपल्यापुरता पाहिला. किलवरचा राजा. तो सुटला होता. मस्कत, शुभदा, सगळं त्याच्या उजव्या हातात होतं.

त्याने कॅट मिटून डाव्या हातात घेतला, मृणालच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मृणाल, आईच्या पायावरची चादर सरकलीय का गं?"

मृणाल वळली. दोन हात जवळ आले. राजा माझ्या अंगावरून मागे गेला आणि मी बाहेर आले. लहानपणी ज्या खेळात त्याला सगळे पकडायचे, तो त्याने त्या दुपारी बिनचूक केला. मृणाल चादर नीट करून फिरली तोवर मी स्टुलावर होते, तोंड वर करून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बदली होऊन मी वर आले होते, आणि टाळ्या वाजल्या नाहीत.

"दुर्री," मृणाल म्हणाली. मग तिला रडू आलं, आणि रडताना सुटल्याचंही वाटत होतं, ते लपवायला ती मोरीत गेली.

तिची नजर वळवायला रवींद्रने आईचं नाव घेतलं होतं. आईकडे मात्र त्याने पाहिलंच नव्हतं. शकू पलंगावर पडल्या पडल्या त्याच्या हातांकडे बघत होती. ती म्हणाली, "बस." त्याला वाटलं, हिला उठून बसायचंय. त्याने तिला उशी लावून बसवलं. तिने डावा हात लांब केला, स्टुलावरून मला उचललं आणि उशीखाली ठेवलं.

मी नंतर पुष्कळ वेळा विचार केला की तिने मला तेव्हाच वर धरून का दाखवलं नाही. मृणाल परत येईपर्यंत वेळ होता. पण पुढे तिच्या कानाखाली मी वर्षानुवर्षं राहिले, म्हणून थोडं समजतं. तिला तिचा मुलगा जवळ हवा होता. आजारी माणसाला आपलं माणूस हवं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती लाजायची. कधी कधी दुपारी उशीखाली हात घालून मला चाचपायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

मृणाल बेंगळुरूला गेली. मस्कतचं विमान रवींद्रशिवाय गेलं. शुभदा जाण्याआधी एकदा घरी येऊन चहा पिऊन गेली. बराच वेळ ती शकूचा हात हातात घेऊन बसली होती. पहिलं वर्ष तिचे फोन यायचे, मग सणावाराला, मग बंद झाले. पुढे तिच्या लग्नाची बातमी रवींद्रला ऑफिसातल्या कमलेशकडून कळली. त्या दिवशी त्याने आईला भरवताना वरणभातात मीठ दोनदा घातलं. शकूने तो सगळा भात खाल्ला.

ठाण्याची नोकरी त्याने सोडली. घरी कॉम्प्युटर घेऊन नकाशाची कामं करायला लागला. पहाटे उठून आईची कूस बदलायची, अंग पुसायचं, डायपर, औषध, भरवणं, मग काम, मग पुन्हा तेच. मित्र आधी यायचे, मग जिन्यातूनच विचारून जायला लागले. खालच्या मजल्यावरच्या सुहासिनीकाकू तेवढ्या रोज पंधरा मिनिटं येऊन बसायच्या, म्हणून त्याला भाजी आणायला जाता यायचं.

ठाण्याच्या एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की आईला चित्रं दाखवून बोलायला शिकवा. रवींद्रने आमचा जुना कॅट काढला. प्रत्येक पत्त्यावर पांढरा कागद चिकटवून तो त्यावर चित्र काढत गेला. नकाशे काढणारा हात, चित्रं सुबक यायची. राजाचा पाण्याचा ग्लास झाला. एक्क्याचा पंखा झाला. कोणाची चहाची कपबशी, कोणाची गोळी, कोणाचं उघडं दार, म्हणजे मला बाहेर गॅलरीत ने. दोन पत्त्यांवर त्याने फोटो लावले, एक मृणालचा आणि एक स्वतःचा. माझे सगळे सोबती एकेक करून कागदाखाली गेले. मी उशीखालून त्यांच्या कडा ओळखायची, पण आता त्यांना पंखा आणि ग्लास म्हणत होते.

एका चित्राला पत्ता कमी पडला. रवींद्रने उशीखाली हात घातला आणि मला बाहेर काढलं. शकूने झडप घालून मला पकडलं आणि मूठ आवळली. "बस. बस."

मुठीतून माझं एक टोक बाहेर आलं होतं. त्याने ते पाहिलं. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. तीही त्याच्याकडेच बघत होती, या वेळी हातांकडे नाही. मला त्या मुठीत कळलं की त्याला कळलं. त्याने डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं, कागदाचे कपटे गोळा केले आणि विचारलं की चहा टाकू का. त्याविषयीचं दोघांतलं बोलणं ते एवढंच.

मृणाल वर्षातून दोनदा यायची. येताना आईला मऊ गाऊन, दादाला शर्ट, घराला काही ना काही. आल्यावर सगळं काम अंगावर घ्यायची, पण कुठला डबा कुठे आहे, आईला कुठल्या कुशीवर दुखतं, हे तिला विचारावं लागायचं. रवींद्र म्हणायचा, तू बस, मी करतो. ती बसायची. एकदा गॅलरीत फोनवर कोणाला तरी हसत सांगत होती की आमच्याकडे सगळं पत्त्यांनी ठरवलंय. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिली.

गेल्या हिवाळ्यात शकू खूप थकली. अन्न कमी झालं. मृणाल रजा काढून आली. एका सकाळी रवींद्र औषधं आणायला मानपाड्याच्या नाक्यावर गेला होता. मृणाल आईचे केस विंचरत होती. शकूने तिचा हात बाजूला केला आणि चित्रांचे पत्ते खुणेने मागितले. पत्ते चादरीवर पसरले. तिने डाव्या हाताने हळूहळू तीन निवडले: रवींद्रचा फोटो, मृणालचा फोटो आणि उघडं दार. मग उशीखालून मला काढलं.

मृणालला वाटलं, आईला गॅलरीत जायचंय. शकूने मान हलवली. तिने दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. उघडं दार रवींद्रच्या फोटोवर ठेवलं आणि मला मृणालच्या फोटोवर. थांबली. मृणालकडे बघितलं. मग दार उचलून मृणालच्या फोटोवर ठेवलं आणि मला ओढून रवींद्रच्या फोटोवर आणलं. मृणालला कळेना. शकूने पुन्हा सगळं होतं तसं लावलं आणि पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी तिने हाताने खूण केली, आधी चादरीकडे, पायावरच्या चादरीकडे, आणि मग रवींद्रच्या फोटोकडे.

मृणालच्या हातातली फणी खाली पडली. घरात सगळ्यात चांगली बदली तिला यायची. तिला अजून कशाला सांगावं लागणार?

रवींद्र औषधं घेऊन आला तेव्हा पत्ते तसेच मांडलेले होते. त्याने ते पाहिले आणि पिशवी खाली ठेवली.

"तुझा पत्ता कुठला होता?" मृणालने विचारलं.

"राजा."

"मला विचारायचं होतंस, दादा."

"विचारलं असतं तर तू थांबली असतीस."

"हो, थांबले असते. ते माझं मी ठरवलं असतं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "इतकी वर्षं मी या घरात पाहुणी म्हणून येतेय. मला वाटायचं, नशिबाने केलं. तिकडे एकटी जेवताना मी त्या सत्तीला शिव्या घातल्यात. आणि ते तू केलंस."

रवींद्र म्हणाला की तुझं भलं व्हावं म्हणून केलं. ती म्हणाली की ते मला माहीत आहे, म्हणून तर तुला काही बोलता येत नाही. मग दोघं उभीच राहिली, एक दाराशी, एक पलंगाशी. शकू म्हणाली, "बस." ती दोघं तिच्या दोन बाजूंना बसली. तिने डावा हात आधी रवींद्रच्या डोक्यावर ठेवला, मग मृणालच्या. हात तिकडून इकडे न्यायला तिला फार वेळ लागला, आणि दोघांनीही तिला मदत केली नाही.

त्यानंतर शकू फार दिवस राहिली नाही. एका दुपारी सुहासिनीकाकू शेजारी बसलेल्या असताना ती झोपेतच गेली. पुण्यानुमोदनाला भन्ते आले, कल्याणच्या चाळीतली जुनी माणसं आली, कमलेश आला. पंचशील झालं, जेवणं झाली, सतरंज्या परत गेल्या. मृणालने निघताना आईचा एक गाऊन घेतला. रवींद्रने मला तिच्यापुढे केलं, ही तुझ्याकडे ठेव म्हणाला.

तिने मला घेतलं नाही. "मी नाही नेणार. तू घेऊन ये," म्हणाली आणि रिक्षात बसली.

मग तो आणि मी राहिलो. आता मी उशीखाली नव्हते, त्याच्या टेबलावर कॉम्प्युटरला टेकून उभी होते, म्हणून मला सगळं दिसायचं. पहाटे तो उठायचा, आईच्या पलंगापर्यंत जायचा, कूस बदलायला हात पुढे करायचा आणि तसाच उभा राहायचा. चहाला दोन कप पाणी ठेवायचा आणि उरलेला दुपारी गरम करून प्यायचा. भाजी घ्यायला गेला की धावतपळत परत यायचा आणि कुलूप उघडल्यावर त्याच्या लक्षात यायचं की घाई कशालाच नव्हती. आता तो कुठेही जाऊ शकत होता, पण कुठे जायचं ते त्याला आठवत नव्हतं. दिवसचे दिवस तो कोणाशी बोलायचा नाही. एकदा माझ्याकडे बघून "काय गं?" म्हणाला आणि आपल्याच आवाजाने दचकला.

मृणालचा फोन यायचा. जेवलास का, झोप लागते का, एवढंच. ये असं ती म्हणायची नाही. सांगितलं होतं, ते एकदाच. तोही येतो म्हणायचा नाही. मला वाटायला लागलं होतं की आता मी याच टेबलावर पिवळी पडणार.

आज सकाळी त्याने दाढी केली. शोकेसमधली जुनी बॅग झटकली. गॅस बंद केला, पुन्हा आत जाऊन बघितला. घराची किल्ली सुहासिनीकाकूंना दिली. त्यांनी विचारलं, कुठे रे? तर म्हणाला, बहिणीकडे. हे सांगतानाही त्याला थोडं अवघडल्यासारखं झालं, जणू परवानगीच काढत होता. मग त्याने मला शर्टाच्या खिशात ठेवलं.

तुमच्याशी बोलतेय ती इथूनच, त्याच्या खिशातून. कल्याणच्या फलाटावर तो बाकावर बसलाय, बेंगळुरूच्या गाडीला अजून वेळ आहे. माझे कोपरे झिजलेत, पाठीवर डिंकाचा एक डाग आहे आणि अंगाला आजारपणाच्या तेलाचा वास. मला आता कुठल्या कॅटमध्ये जागा नाही. एवढं एक सांगते आणि निरोप घेते. तुमच्याही घरात कोणी गुपचूप लहान पत्ता उचलून बसलेलं असेल आणि हसून तुम्हाला भलतंच काही विचारत असेल. त्याला उत्तर द्या, पण एकदा त्याच्या हातांकडेही बघा. आणि लहान पत्ता तुम्हीच घेणार असाल, तर समोरच्याला दाखवून घ्या.

आता त्याने फोन काढलाय. स्पीकर लावून छातीशी धरलाय, त्यामुळे मृणालचा आवाजही ऐकू येतो. निघालो म्हणाला. पलीकडून तिने विचारलं, "किती दिवस राहशील?"

"तू सांग," तो म्हणाला.

"नाही दादा. तू सांग."

गाडीची घोषणा झाली. माणसं उठून पुढे सरकली. तो बसूनच राहिला. मला भीती वाटली की हा आता पुन्हा चादरीबिदरीचं काहीतरी विचारणार.

"पावसाळाभर राहू?" तो म्हणाला. "मला राहायचंय."